‘सिंधू फायनललाच का हरते?’ – माझ्या पहिल्या फसलेल्या संशोधनप्रश्नाची गोष्ट



पेटचा निकाल लागला की दरवर्षी एकाच प्रकारचे मेसेज यायला लागतात. “विषय ठरलाय, सिनॉप्सिसही लिहिलाय, पण गाइड म्हणतात की हा संशोधनाचा प्रश्न नाही, हे तुमचं मत आहे. म्हणजे नेमकं काय?”

याचं उत्तर व्याख्या देऊन देता येतं. संशोधन पद्धतीच्या कुठल्याही पुस्तकात ती व्याख्या आहे, आणि सेट-नेटच्या तयारीत आपण ती पाठही केलेली असते. मीही केली होती. तरीपण ती मला कळली नव्हती. कळली ती बॅडमिंटनमुळे, आणि थोडी अब्रू गेल्यावर. म्हणून आज व्याख्या बाजूला ठेवतो आणि ती गोष्ट सांगतो.

२७ ऑगस्ट २०१७, रविवार. ग्लासगोला वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल होती, पी. व्ही. सिंधू विरुद्ध जपानची नोझोमी ओकुहारा. रविवारी रात्री मेस बंद, त्यामुळे वडापाव बांधून आणून आम्ही पंचवीस-तीस जण होस्टेलच्या टीव्हीसमोर बसलो होतो. मॅच ११० मिनिटं चालली. दुसऱ्या गेमचा शेवटचा पॉइंट सिंधूने ७३ फटक्यांची रॅली खेळून काढला, तेव्हा आमच्यातले अर्धे उभे राहिले होते. शेवटी स्कोअर झाला १९-२१, २२-२०, २०-२२. सिंधू हरली. कोणीतरी टीव्ही बंद केला आणि म्हणाला, “ही ना, फायनललाच हरते.”

कोणीही वाद घातला नाही. एक वर्ष आधी रिओ ऑलिंपिकच्या फायनलला ती स्पेनच्या कॅरोलिना मरिनकडून हरली होती, ते सगळ्यांच्या डोक्यात होतं. पुढच्या वर्षभरात तर ते वाक्य आणखी पक्कं झालं. हाँगकाँग, दुबई, दिल्ली, गोल्ड कोस्ट, बँकॉक, नानजिंग, जकार्ता. प्रत्येक ठिकाणी फायनलपर्यंत पोहोचली आणि प्रत्येक ठिकाणी हरली. पेपरात, टीव्हीवर, चहाच्या टपरीवर एकच शब्द ऐकू यायचा: फायनल फोबिया.

मी तेव्हा मानसशास्त्रात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि लघुप्रबंधाला विषय शोधत होतो. जकार्ताची एशियन गेम्सची फायनल झाली आणि आठवड्याभरात मी मॅडमसमोर कागद ठेवला. शीर्षक होतं, ‘उच्च दर्जाच्या महिला खेळाडूंमधील अंतिम सामन्याची भीती : पी. व्ही. सिंधू यांचा व्यक्ती अभ्यास’. मला वाटलं, मॅडम खूश होणार.

मॅडमनी कागद वाचला, चष्मा काढला आणि तीन प्रश्न विचारले.

“फायनल म्हणजे कोणती? हरते म्हणजे किती? आणि कोणाच्या तुलनेत?”

मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. पुढचे दोन महिने मी या तीन प्रश्नांची उत्तरं शोधत होतो. तीच खाली देतो. पण त्याआधी बॅडमिंटन फारसं न पाहणाऱ्यांसाठी थोडी ओळख.

सिंधूचं करिअर, थोडक्यात

पुसर्ला वेंकट सिंधू, जन्म ५ जुलै १९९५, हैदराबाद. आई-वडील दोघंही व्हॉलीबॉलपटू. १९८६ च्या एशियन गेम्समध्ये ब्राँझ मिळवणाऱ्या भारतीय संघात वडील होते. सुरुवातीचे धडे तिने मेहबूब अली यांच्याकडे गिरवले आणि मग ती पुलेला गोपीचंद यांच्या अकादमीत गेली. गोपीचंद म्हणजे २००१ चे ऑल इंग्लंड विजेते.

२०१३ मध्ये, अठराव्या वर्षी, तिने वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ब्राँझ मिळवलं. महिला एकेरीत हे पदक मिळवणारी ती पहिली भारतीय. २०१४ ला पुन्हा ब्राँझ, २०१७ आणि २०१८ ला सिल्व्हर, २०१९ ला गोल्ड. म्हणजे एकाच स्पर्धेत पाच पदकं. ऑलिंपिकमध्ये २०१६ ला रिओत सिल्व्हर आणि २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्राँझ. जागतिक क्रमवारीत ती दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, पहिल्यावर कधी नाही.

आता मॅडमचे प्रश्न.

पहिला प्रश्न : फायनल म्हणजे कोणती?

माझ्या कागदावर आठ फायनलची यादी होती. रिओ, ग्लासगो, दुबई वगैरे. आठही हरलेल्या. मॅडम म्हणाल्या, “ही यादी कशी केलीस?” मी म्हटलं, “आठवून.” त्या हसल्या.

आठवून केलेल्या यादीत जे बोचलं तेच येतं. मग मी नीट यादी केली. नियम असा ठरवला: जानेवारी २०१७ ते डिसेंबर २०१८, आंतरराष्ट्रीय स्पर्धा, फक्त वैयक्तिक एकेरी. त्यात बारा फायनल निघाल्या.

२०१७ : सय्यद मोदी स्पर्धा (लखनौ), जिंकली. इंडिया ओपन (दिल्ली), मरिनला हरवून जिंकली. वर्ल्ड चॅम्पियनशिप (ग्लासगो), हरली. कोरिया ओपन (सोल), ओकुहाराला हरवून जिंकली. हाँगकाँग ओपन, हरली. सुपर सिरीज फायनल्स (दुबई), हरली.

२०१८ : इंडिया ओपन (दिल्ली), हरली. कॉमनवेल्थ गेम्स (गोल्ड कोस्ट), हरली. थायलंड ओपन (बँकॉक), हरली. वर्ल्ड चॅम्पियनशिप (नानजिंग), हरली. एशियन गेम्स (जकार्ता), हरली. वर्ल्ड टूर फायनल्स (ग्वांगझू), जिंकली.

बारापैकी चार जिंकल्या, आठ हरल्या. फोबियाच्या गोष्टीत त्या चार जिंकलेल्या कुठेच नव्हत्या. कोरिया ओपन तर ग्लासगोनंतर तीनच आठवड्यांनी झाली होती, समोर तीच ओकुहारा होती, आणि ती मॅच सिंधूने जिंकली होती. मला ती आठवलीच नव्हती.

निकाल बघून उदाहरणं निवडायची आणि मग त्याच उदाहरणांवरून निकाल सिद्ध करायचा, ही आपल्या सिनॉप्सिसमधली सगळ्यात कॉमन चूक आहे. ‘ग्रामीण विद्यार्थी इंग्रजीत मागे का पडतात’ असा विषय घेऊन फक्त नापास झालेल्या ग्रामीण विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या, तर तुम्ही माझी आठ फायनलवाली यादी केलीत.

पण थांबा, इथे एक गोम आहे. यादी पूर्ण केली म्हणजे सुटलो असं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागपूरला राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिच्या फायनलला सायना नेहवालने सिंधूला हरवलं. ती धरायची की नाही? धरली तर तेरापैकी चार. फक्त सगळ्यात मोठ्या स्पर्धा धरायच्या, म्हणजे ऑलिंपिक, वर्ल्ड चॅम्पियनशिप, एशियन गेम्स, कॉमनवेल्थ, आणि काळ २०१६ ते २०१८ घ्यायचा, तर पाचपैकी शून्य! फोबिया सिद्ध. आणि फक्त २०२२ हे वर्ष घेतलं तर? लखनौ, स्विस ओपन, सिंगापूर ओपन, बर्मिंगहॅमचं कॉमनवेल्थ गोल्ड. चारपैकी चार. आता हिच्याएवढी फायनल खेळणारी कोणी नाही असंही सिद्ध. त्यातही लखनौच्या फायनलला समोर नागपूरचीच मालविका बनसोड होती. ती फायनल आणि ग्लासगोची फायनल एकाच वजनाची धरायची का?

खेळाडू एकच आहे. व्याख्या बदलली की उत्तर बदलतंय. म्हणूनच कार्यात्मक व्याख्या डेटा बघण्याच्या आधी लिहून ठेवायची असते. नंतर लिहिली तर आपल्याला हवं ते उत्तर देणारी व्याख्या आपण निवडतो, आणि गंमत म्हणजे आपण तसं केलं हे आपल्याला कळतही नाही.

दुसरा प्रश्न : हरते म्हणजे किती?

बॅडमिंटनमध्ये तीनपैकी दोन गेम जिंकणारा जिंकतो. गेम २१ चा, दोन पॉइंटची आघाडी लागते, ओढत गेला तर ३० ला संपतो. म्हणजे मॅचमध्ये शंभरच्या आसपास पॉइंट खेळले जातात आणि शेवटी आपल्या हातात एकच शब्द उरतो: जिंकली किंवा हरली. बाकी सगळी माहिती आपण फेकून देतो.

मी बसून पॉइंटची बेरीज केली. ग्लासगोत सिंधूचे १९, २२ आणि २० मिळून ६१ पॉइंट, ओकुहाराचे ६३. एकूण १२४ पॉइंटमध्ये दोनचा फरक.

मग मला एक जोडी सापडली, जी मी आजही शिकवताना वापरतो.

सोल, सप्टेंबर २०१७, कोरिया ओपन. सिंधू २२-२०, ११-२१, २१-१८ ने जिंकली. बेरीज करा: सिंधू ५४, ओकुहारा ५९.

दिल्ली, फेब्रुवारी २०१८, इंडिया ओपन. सिंधू अमेरिकेच्या बेवेन झँगकडून १८-२१, २१-११, २०-२२ ने हरली. बेरीज: सिंधू ५९, झँग ५४.

पुन्हा वाचा. जिंकलेल्या फायनलमध्ये सिंधूने पाच पॉइंट कमी मिळवले होते. हरलेल्या फायनलमध्ये पाच पॉइंट जास्त. आकडेही तेच, फक्त बाजू बदललेल्या. आणि आपण पहिल्या मॅचला ‘जिद्द’ म्हटलं, दुसरीला ‘फोबिया’.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी पुन्हा तीच चूक करेन. नानजिंगची फायनल ती मरिनकडून १९-२१, १०-२१ अशी हरली आणि जकार्ताची तैवानच्या ताई त्झू-यिंगकडून १३-२१, १६-२१ अशी. दोन्ही ठिकाणी बेरीज २९ विरुद्ध ४२ येते. यात नशिबाचा भाग शोधत बसण्यात अर्थ नाही, ती स्पष्ट हरली. म्हणजे ‘आठ पराभव’ ही एकाच जातीची आठ निरीक्षणं नव्हतीच. काही केसभर फरकाने गेलेले, काही सरळ एकतर्फी. एकाच कारणाने सगळे समजावून सांगायचा अट्टहास मी करत होतो.

मी ही बेरीज मोठ्या आनंदात मॅडमना दाखवली. त्या म्हणाल्या, “छान. पण बॅडमिंटन बेरजेवर जिंकतात का?” नाही जिंकत. एखादी खेळाडू दुसरा गेम हातातून गेला हे ओळखून तो सोडून देते आणि तिसऱ्यासाठी दम राखते. तेव्हा ११-२१ हा आकडा कमकुवतपणाचा नसून हिशेबाचाही असू शकतो. म्हणजे बेरीज हे सुद्धा अपुरं माप. आपण मोजतोय ते आणि आपल्याला मोजायचंय ते एकच आहे का, हा प्रश्न वैधतेचा, आणि तो कधीच पूर्ण संपत नाही. फक्त ‘जिंकली-हरली’पेक्षा हे माप थोडं जास्त बोलतं, एवढंच म्हणता येतं.

तिसरा प्रश्न : कोणाच्या तुलनेत?

हा सगळ्यात अवघड.

फायनल हरायची असेल तर आधी फायनलला पोहोचावं लागतं. त्यासाठी ओळीने चार-पाच मॅच जिंकाव्या लागतात. पहिल्याच फेरीत बाहेर पडणारीला कोणी ‘फायनल हरणारी’ म्हणत नाही. म्हणजे हा शिक्का फक्त चांगल्या खेळाडूंनाच बसू शकतो! मलेशियाचा ली चाँग वेई ऑलिंपिकच्या तीन फायनल हरला, २००८ आणि २०१२ ला लिन डॅनकडून आणि २०१६ ला चेन लाँगकडून. तीन ऑलिंपिकच्या फायनलला पोहोचणं हे किती जणांना जमलं, हे मात्र कोणी विचारत नाही.

दुसरं म्हणजे, फायनलला समोर कोण असतं? त्या आठ पराभवांत समोर होत्या ओकुहारा, ताई, यामागुची, झँग, सायना, मरिन. झँग सोडली तर बाकी सगळ्या ऑलिंपिक किंवा वर्ल्ड चॅम्पियनशिपची पदकं कधी ना कधी मिळवणाऱ्या. फायनल आणि तगडी प्रतिस्पर्धी या दोन गोष्टी कायम बरोबरच येतात. मग हरण्याचं कारण फायनल आहे की प्रतिस्पर्धी? दोन चल असे चिकटलेले असले की नुसत्या नजरेने ते सुटे करता येत नाहीत.

सुटे करायचा एक मार्ग म्हणजे त्याच प्रतिस्पर्धी, पण फायनल नसताना. नानजिंगला सिंधूने क्वार्टर फायनलला ओकुहाराला आणि सेमी फायनलला यामागुचीला हरवलं होतं. जकार्तातही सेमीला यामागुचीच होती, आणि तिला हरवूनच ती फायनलला गेली. वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या सेमीचं दडपण काय कमी असतं? उलट बाजूने, ताईकडून ती टोकियो ऑलिंपिकच्या सेमीलाही हरली. तिथे फायनल नव्हती, पण ताई होती. अर्थात त्याच ताईला तिने २०१९ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या क्वार्टरला हरवलंय, तेही पहिला गेम गमावून. एक-दोन उदाहरणांनी काही सिद्ध होत नाही, पण ‘फायनल हेच कारण’ हे वाक्य आता डळमळायला लागतं.

तिसरी गोष्ट, योगायोग. हाँगकाँग ते जकार्ता या ओळीने सात फायनल ती हरली. असं समजा की फायनलमध्ये वेगळं काही घडतच नाही, प्रत्येक मॅच म्हणजे नाणेफेक. हीच आपली शून्य परिकल्पना. ओळीने सात हरण्याची शक्यता १२८ मध्ये १, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. समोरच्या तगड्या आहेत म्हणून जिंकण्याची शक्यता ५० ऐवजी ४० टक्के धरली तर हीच शक्यता साधारण २.८ टक्के होते. पाच टक्क्यांच्या खाली आहे! मी उड्या मारत मॅडमकडे गेलो.

मॅडमनी विचारलं, “वर्गात साठ जण आहेत. प्रत्येकाने सात वेळा नाणं उडवलं. कोणालातरी सातही वेळा काटा येण्याची शक्यता किती?”

गणित केलं. ३७ टक्क्यांच्या वर. एका ठरावीक मुलाला तसं होणं दुर्मीळ, पण साठांपैकी कोणालातरी होणं मुळीच दुर्मीळ नाही. मी सिंधूचे ते सात निकाल आधी ठरवून तपासले नव्हते. ते दिसले, डोळ्यांत भरले, म्हणून मी तिच्याकडे वळलो. जगभरातल्या आघाडीच्या खेळाडू, त्यांची दहा-दहा वर्षांची करिअर, एवढ्यात कुठेतरी अशी साखळी सापडणारच. ज्या डेटाने प्रश्न सुचवला, त्याच डेटावर तो प्रश्न तपासायचा नसतो. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

मग बासेलचं काय?

२५ ऑगस्ट २०१९. बासेल, वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल, समोर पुन्हा ओकुहारा. सिंधूने २१-७, २१-७ असं हरवलं, चाळीस मिनिटांच्या आत. वर्ल्ड चॅम्पियनशिपचं भारताचं हे पहिलं गोल्ड.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे कारणं आली. भीतीवर मात केली, मानसिक कणखरपणा आला, कोरियाच्या प्रशिक्षक किम जी-ह्यून यांनी खेळात बदल केले. यातलं काही खरं असेलही. किम यांच्याबरोबर केलेल्या कामाबद्दल सिंधू स्वतः बोलली आहे, आणि खेळाडूचं स्वतःचं म्हणणं हाही डेटाच असतो. पण लक्षात घ्या, गोल्डनंतर महिन्याभरात ती चायना ओपनला दुसऱ्याच फेरीत आणि कोरिया ओपनला पहिल्याच फेरीत हरली. भीती गेली म्हणून बासेल जिंकली, तर महिन्याभरात काय परत आलं?

फार वाईट काळानंतर बहुतेक वेळा बरा काळ येतो आणि फार चांगल्या दिवसानंतर साधा दिवस. सरासरीकडे परतणं म्हणतात ते हेच. मध्ये जे काही केलेलं असतं, प्रशिक्षक बदलला, ध्यान केलं, नवस बोलला, त्याला श्रेय मिळून जातं. शाळेत कमी मार्क मिळालेल्या मुलांना घेऊन उपक्रम राबवायचा आणि पुढच्या चाचणीत मार्क वाढले की उपक्रम यशस्वी म्हणायचं, हे प्रबंध आपल्याकडे ढिगाने आहेत. तुलनेसाठी दुसरा गट का लागतो, ते इथे कळतं.

म्हणजे फोबिया नव्हता?

मी हेच विचारलं. माझा सूर थोडा विजयी होता, कारण आता मला उलटं सिद्ध करायचं होतं. मॅडम म्हणाल्या, “तेही तुला माहीत नाही. तुझ्या डेटाला माहीत नाही.”

बारा मॅचवरून दडपण होतं असं दाखवता येत नाही, तसं ते नव्हतं हेही दाखवता येत नाही. पुरावा नसणं म्हणजे ती गोष्टच नसणं नव्हे. प्रश्न खरंच तपासायचा तर वेगळा डेटा लागेल: पॉइंटगणिक नोंदी, म्हणजे १८-१८ च्या पुढे ती फायनलमध्ये कशी खेळते आणि सेमीमध्ये कशी, आणि हेच बाकीच्या वीस-पंचवीस खेळाडूंचं कसं आहे. किंवा सविस्तर मुलाखती. दुखापतींची नोंदही लागेल. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला गोल्ड मिळवताना झालेल्या पायाच्या दुखापतीमुळे ती त्या वर्षीची वर्ल्ड चॅम्पियनशिप खेळूच शकली नाही. न खेळलेल्या मॅच आकड्यांत दिसत नाहीत, पण करिअरमध्ये असतात.

माझा लघुप्रबंध शेवटी एवढंच सांगू शकला की ‘उपलब्ध निकालांवरून अंतिम सामन्याच्या भीतीचं अनुमान काढता येत नाही’. तेव्हा मला ते वाचतानाही लाज वाटायची. व्हायवाला बाहेरचे परीक्षक म्हणाले, “निष्कर्ष छोटा आहे, पण तुमचाच आहे.” त्याचा अर्थ कळायला मला आणखी काही वर्षं गेली.

शेवटी एक सांगायचं राहिलं

हे सगळं मी इतकं लांबवून सांगतोय त्याला कारण आहे. त्याच काळात माझा रूममेट एमपीएससी करत होता. दोनदा मुख्य परीक्षा पास होऊन मुलाखतीपर्यंत गेला आणि दोन्ही वेळा अंतिम यादीत नाव नाही. होस्टेलवर त्याच्यावर शिक्का बसला होता, “मुलाखतीला कच्चा आहे.” मीही म्हणायचो. तोही म्हणायला लागला होता. मुलाखतीच्या क्लासला त्याने पैसे भरले, घरून मागून.

मॅडमचे तीन प्रश्न डोक्यात असताना एका रात्री मी त्याला म्हटलं, “मार्क काढ रे दोन्ही वर्षांचे.” यादी लागते ती मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांच्या बेरजेवर. बघितलं तर मुलाखतीत त्याला यादीतल्या कित्येकांइतकेच मार्क होते. तो मागे होता मुख्य परीक्षेत, काठावर पास झालेला. सगळं कमी पडलं होतं ते दुसरीकडेच. आणि पूर्वपरीक्षेलाच गळालेल्या आम्हा बाकीच्यांना कोणी ‘मुलाखतीला कच्चे’ म्हणत नव्हतं, कारण आम्ही तिथे पोहोचलोच नव्हतो.

तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, “दीड वर्ष मी आरशासमोर बोलायची प्रॅक्टिस करतोय.”

तर, गाइड जेव्हा म्हणतात की हे तुमचं मत आहे, तेव्हा ते तुमचा अपमान करत नसतात. त्या वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला विचारा: म्हणजे कोणती, म्हणजे किती, कोणाच्या तुलनेत. आणि चौथा प्रश्न मी माझ्याकडून जोडतो: माझं चुकलंय हे मला कशावरून कळेल? याचं उत्तर तुमच्या सिनॉप्सिसमध्ये कुठेच नसेल तर अजून प्रश्न तयार झालेला नाही.

सराव म्हणून तुमच्या विषयाचं शीर्षक एका कोऱ्या कागदावर लिहा आणि त्याखाली या चार प्रश्नांची उत्तरं, प्रत्येकी दोन ओळी. जमलं नाही तर घाबरू नका, मला दोन महिने लागले होते. कुठे अडलं तर कमेंटमध्ये लिहा, पुढच्या वेळी त्यातलंच एखादं शीर्षक घेऊन बसू.